जुन्या ट्रकच्या तापमानाचा काटा का नाचतो? थर्मोस्टॅट, कुलंट आणि आपले खारे पाणी

पिकाचा सल्ला देताना आम्ही कृषी पदवीधर बहुतेक वेळा बांधावरच थांबतो. माल तोडला, क्रेट भरले की आमचे काम संपले असे समजतो. पण संग्रामपूर तालुक्यातला संत्रा, केळी किंवा कापूस बाजारात पोहोचतो तो बहुतेक जुन्या ट्रकमधून. तो ट्रक वाटेत तापला तर वर्षभराची मेहनत रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहते. म्हणून या वेळी पिकाऐवजी इंजिनाविषयी लिहीत आहे. विषय वाटतो तितका परका नाही. ठिबकची नळी ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने रेडिएटरही बंद पडतो.

एका मार्चमधली गोष्ट. बुलढाण्याहून परत येताना राजूर घाटात एक ओळखीचा सहाचाकी ट्रक उभा दिसला. सोनाळ्याकडच्या एका बागायतदाराचा मृग बहाराचा संत्रा त्यात होता. बोनेट उघडे, वाफ निघत होती आणि क्लीनर डबा घेऊन पाणी शोधायला गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, थंडीत काटा वर चढतच नाही, अन् आता घाट लागला की थेट लालवर." विचारल्यावर कळले, की तीन वर्षांपूर्वी गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तेव्हापासून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी टाकले जात होते. त्या दिवशी हेड गॅस्केट गेले, माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत रात्र झाली आणि खालच्या क्रेटमधली फळे मऊ पडली. व्यापाऱ्याने भाव पाडला तो सगळ्या मालाचा.

त्या घटनेत दोन चुका एकमेकींत मिसळल्या होत्या. एक थर्मोस्टॅटची, दुसरी पाण्याची. त्या वेगळ्या करून समजून घेतल्या, तर काटा पाहून दुखणे ओळखता येते.

थर्मोस्टॅट नेमके काय करतो?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणारे पाणी वाहून नेते. वॉटर पंप ते पाणी फिरवतो आणि रेडिएटर ते थंड करतो. पण इंजिन फार थंड राहिलेलेही चालत नाही. म्हणून इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये एक झडप बसवलेली असते. तीच थर्मोस्टॅट. आपल्याकडचे मेकॅनिक तिला "थर्मोस्टॅट वॉल" म्हणतात.

या झडपेत एक छोटी धातूची डबी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते, आतली दांडी ढकलते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडते. पाणी थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप बंद करते. यात वीज नाही, वायर नाही. ही मेणाची रचना १९३० च्या दशकात अमेरिकेतील सर्जियस व्हर्नेट यांनी तयार केली आणि आजही जवळपास तशीच चालते.

बहुतेक जुन्या डिझेल ट्रकची झडप ७१ ते ८३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडायला लागते आणि त्यापुढे १० ते १५ अंशांवर पूर्ण उघडते. नेमका आकडा झडपेच्या कडेवर किंवा डबीवर कोरलेला असतो. काही मोठ्या इंजिनांत अशा दोन झडपा असतात. एक बदलताना दुसरीही बदलावी.

झडप बंद असताना पाणी अडून राहत नाही. ते एका आडवाटेने, म्हणजे बायपासने, इंजिनातच फिरत राहते. ही आडवाट नीट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

काट्याची कोणती हालचाल साधी, कोणती काळजीची?

जुन्या ट्रकचा काटा थोडाफार हलतोच. सकाळी गाडी सुरू केल्यावर काटा चढतो, मग एकदम थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. झडप पहिल्यांदा उघडली की रेडिएटरमधले गार पाणी इंजिनात येते, म्हणून झडप परत मिटते. असे दोन-तीन वेळा झाले की काटा स्थिर होतो. रिकामी गाडी उताराला लागली की काटा खाली येतो, भरलेली गाडी चढाला लागली की वर जातो. या सगळ्यात पाच-सात अंशांचा फरक पडणे ही झडप काम करत असल्याची खूण आहे.

काळजीच्या हालचाली वेगळ्या असतात. त्या अशा ओळखाव्यात.

१) काटा वर चढतच नाही: झडप उघडी अडकली आहे किंवा काढून टाकलेली आहे. हिवाळ्यात हे ठळक दिसते. मीटर किंवा सेन्सर बिघडल्यानेही असे होते, म्हणून वरच्या होज पाइपला हात लावून पाहा. गाडी सुरू केल्यापासूनच पाइप हळूहळू कोमट होत असेल, तर झडप बंद होत नाही.

२) गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा लालवर, पण वरचा होज पाइप गार: झडप बंद अडकली आहे. मेणाची डबी फुटली की स्प्रिंग झडप बंदच ठेवते. अशी गाडी चालवू नका. पाइप चाचपताना पंखा आणि बेल्टपासून हात दूर ठेवा.

३) सपाट रस्त्यावर दर दोन-चार मिनिटांनी काटा बराच चढतो आणि बराच उतरतो: झडप चिकटत आहे. दांडीवर क्षार बसले, की ती वेळेवर उघडत नाही. पाणी जास्त तापल्यावर ती झटक्याने उघडते, आणि मग वेळेवर बंदही होत नाही. आपल्या भागात हे लक्षण फार दिसते.

४) रिकामी असताना ठीक, भरली की किंवा घाट लागला की तापते: रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या आहेत, बाहेरच्या जाळीत कचरा आहे किंवा वॉटर पंपाची पाती झिजली आहेत. नवी झडप टाकून हे बरे होणार नाही.

५) उभी असताना किंवा हळू चालताना तापते, वेग घेतला की उतरते: हवा कमी पडते आहे. पंख्याचा बेल्ट ढिला आहे का, पंख्याचे पाते तुटले आहे का आणि पंख्याभोवतीचे कव्हर जागेवर आहे का ते पाहा.

६) काटा झटक्याने वर-खाली उडतो: पाण्याचे तापमान क्षणात बदलत नाही. काटा उडत असेल तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा वायर ढिली आहे. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल, तर अर्थिंग तपासावे.

७) काटा चढलेला होता आणि एकदम खाली पडला: सर्वांत फसवी खूण हीच. ड्रायव्हरला वाटते गाडी थंड झाली. खरे म्हणजे पाणी निघून गेलेले असू शकते. सेन्सर पाण्याबाहेर पडला की तो खरे तापमान दाखवत नाही. चढावर काटा असा पडला तर लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

८) रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात, पाणी तेलकट दिसते किंवा ऑइल दुधासारखे होते: हेड गॅस्केट गेले आहे. यात पाणी टाकत राहून वेळ काढू नये.

"थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला का ऐकू नये?

गाडी तापते म्हटले की हा सल्ला पहिला मिळतो. झडप बंद अडकली असेल, तर काढल्यावर गाडी थंड होते हे खरे. म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. वाटेत अडचण आली आणि गॅरेजपर्यंत पोहोचायचे असेल, तर तेवढ्यापुरते ते समजू शकते. कायमसाठी मात्र ते दोन्ही बाजूंनी नुकसानीचे आहे.

पहिली बाजू थंडीची. इंजिन ५०-६० अंशांवरच चालत राहिले, तर डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली जाऊन ऑइल पातळ करते. ऑइलमध्ये ओल साठते आणि गाळ होतो. रिंग, लायनर लवकर झिजतात, धूर वाढतो आणि डिझेल जास्त लागते. हे नुकसान काट्यावर दिसत नाही, खिशाला मात्र जाणवते.

दुसरी बाजू उष्णतेची. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो. रेडिएटरची वाट उघडतानाच तो खालच्या चकतीने आडवाट बंद करतो. अशी झडप काढली तर आडवाट कायम उघडी राहते. मग तापलेल्या पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतो. घाटातल्या त्या ट्रकचे असेच झाले होते. थंडीत काटा वर येत नव्हता आणि मार्चच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, चढावर अर्धे पाणी थंडच होत नव्हते. पाण्याची पाट फोडून शेजारच्या वावरात वाहत असेल, तर विहिरीवर मोटार कितीही चालवा, आपले पीक सुकणारच.

हिवाळ्यात चालते ते उन्हाळ्यात का चालत नाही?

रेडिएटर किती उष्णता सोडेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आहे असे धरा. हिवाळ्यात दुपारी हवा २५ अंश असेल, तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात हवा ४४ अंश असेल, तर फरक ४६ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळपास ३० टक्के कमी काम करतो. त्याच्या काही नळ्या आधीच क्षारांनी भरलेल्या असतील, तर कापसाच्या हंगामात ते कळतही नाही. मृग बहाराचा संत्रा किंवा उन्हाळ्यातली केळी भरली की ते उघडे पडते. म्हणून "दिवाळीत तर ठीक होती" यावर विसंबू नये.

खारपाणपट्टा आणि रेडिएटर

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे. सोनाळा, टुनकी या बाजूला तुलनेने गोडे पाणी मिळते आणि म्हणून तिथे बागा आहेत. दक्षिणेला पातुर्ड्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यात उतरलो की खारपाणपट्टा लागतो. हा पट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेला आहे. पिण्यासाठी आणि ओलितासाठी हे पाणी किती त्रासाचे आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण रेडिएटरमध्ये ते टाकताना कुणी विचार करत नाही. क्लीनरला जो हातपंप दिसेल, तिथला डबा भरला जातो.

साधा हिशेब करा. जुन्या ट्रकमध्ये सुमारे २० लिटर पाणी मावते. बोअरच्या पाण्यात एका लिटरला १५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर एका भरणीत ३० ग्रॅम क्षार आत जातात. गाडी तापते म्हणून रोज २ लिटर पाणी टाकावे लागत असेल, तर वर्षातील ३०० दिवसांत ६०० लिटर पाणी आणि त्याबरोबर ९०० ग्रॅम क्षार गेले. पाणी गळून जात असेल तर काही क्षार त्याबरोबर जातील. पण पाणी वाफ होऊन उडत असेल, तर वाफ बाहेर जाते आणि क्षार आतच राहतात. चहाच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच थर सिलिंडर हेडच्या सर्वांत तापणाऱ्या भागावर, रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर बसतो.

हा थर लोखंडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो. त्यामुळे आत धातू भाजत असतो आणि बाहेर पाणी तेवढे तापलेले दिसत नाही. दुसरीकडे पाण्यातले क्लोराइड धातू खात असते. त्या गंजाचा गाळ सुटून पुन्हा नळ्यांतच अडकतो. म्हणजे थर्मोस्टॅट खराब झाला म्हणून गाडी तापते, हे अर्धेच खरे. बऱ्याचदा खाऱ्या पाण्याने आधी थर्मोस्टॅट बिघडवलेला असतो.

ओलिताला चालणारे पाणी रेडिएटरला चालते का?

इथे आपल्या माती-पाणी परीक्षणाच्या अहवालाचा उपयोग होतो. अहवालात पाण्याची विद्युत वाहकता डेसीसायमन प्रति मीटरमध्ये दिलेली असते. त्या आकड्याला ६४० ने गुणले की एका लिटरमध्ये अंदाजे किती मिलिग्रॅम क्षार आहेत ते कळते. ओलितासाठी ०.७ पर्यंतचे पाणी निर्धोक मानतो. म्हणजे लिटरला सुमारे ४५० मिलिग्रॅम. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी मात्र कुलंटमध्ये मिसळायच्या पाण्याची मर्यादा साधारण अशी सांगितली जाते:

• एकूण क्षार: लिटरला ३४० मिलिग्रॅमपेक्षा कमी
• कठीणपणा: १७० मिलिग्रॅमपेक्षा कमी
• सल्फेट: १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी
• क्लोराइड: ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी

म्हणजे ज्या पाण्यावर संत्र्याची बाग छान येते, तेही रेडिएटरसाठी पुरेसे चांगले असेलच असे नाही. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचे तर विचारायलाच नको.

मग टाकायचे काय? पहिली पसंती बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याला किंवा तयार मिश्रण केलेल्या कुलंटला. ते जमत नसेल तर गावातल्या आरओ केंद्राचे पाणी घ्यावे, पण टीडीएस मीटरने आकडा पाहून. पहिल्या एक-दोन सरी सोडून पत्र्यावरचे स्वच्छ पावसाचे पाणी गाळून साठवले तरी चालते. मात्र असे मऊ पाणी एकटे टाकू नये. त्यातही लोखंड गंजते. गंज रोखणारी द्रव्ये कुलंटमध्ये असतात, म्हणून दोन्ही मिसळूनच टाकावे.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कुलंट कशाला?" असे अनेक जण विचारतात. कुलंट पाणी गोठू देत नाही हा त्याचा आपल्यासाठी सर्वांत कमी कामाचा गुण आहे. आपल्याला ते गंज थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी हवे. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल कुलंट यांचे मिश्रण दाब नसतानाही १०७ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकणही यात मदत करते. अर्धा बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले असेल, तर तेच पाणी १०० वर उकळून बाहेर फेकले जाते. अनेकदा दोष एका स्वस्त झाकणाचा असतो आणि खर्च हेडवर होतो. कुलंटचे प्रमाण आणि बदलण्याची मुदत डब्यावर व गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. दोन वेगळ्या प्रकारचे कुलंट एकत्र करू नये.

ठिबकचे आम्ल रेडिएटरमध्ये नको

ठिबकच्या लॅटरलमधले क्षार काढायला तुम्ही आम्ल प्रक्रिया करता. तेच आम्ल रेडिएटरमध्ये टाकायचा मोह होतो. कृपया टाकू नका. ठिबकची नळी प्लास्टिकची असते. जुन्या ट्रकचा रेडिएटर तांबे-पितळेचा आणि डाग दिलेला असतो, इंजिनात काही भाग ॲल्युमिनियमचेही असतात. हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल थराबरोबर धातूही खाते. थोडा गाळ असेल तर थर्मोस्टॅट काढून, रेडिएटर उलट्या दिशेने, खालच्या तोंडातून वर, गोड्या पाण्याने धुवावा. थर जाड असेल तर रेडिएटर कारागिराकडे द्यावा. तो टाकी उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी युक्तीही सर्वांना माहीत आहे. हळद भोक बुजवते, पण बारीक नळ्याही बुजवते आणि झडपेवर लगदा बसवते. गावापर्यंत पोहोचण्यापुरती ती ठीक. पोहोचल्यावर रेडिएटर धुवून डाग देऊन घ्यावा.

बाहेरची जाळीही विसरू नका. कापसाचे तंतू, तुरीचा भुसा, गवताचे कुसळ आणि रस्त्याची धूळ यांची गादीच तिथे तयार होते. ती इंजिनाच्या बाजूने समोर, अशा उलट दिशेने हवेने किंवा हलक्या धारेने काढावी. फवारणीच्या एचटीपी पंपाची जोरकस धार जवळून मारली तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

थर्मोस्टॅट घरी कसा तपासावा?

यासाठी एक जुने पातेले, दोरा आणि दुधाचा थर्मामीटर पुरेसा आहे. पातेले आणि थर्मामीटर नंतर स्वयंपाकघरात किंवा दुधाला वापरू नये.

• इंजिन पूर्ण थंड असताना झडप काढावी. खोलीच्या तापमानाला ती घट्ट बंद असली पाहिजे. उजेडाकडे धरून पाहावी.
• दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात लटकवावी. झडप आणि थर्मामीटर तळाला टेकू देऊ नये.
• पाणी हळूहळू तापवावे आणि ढवळत राहावे. झडप उघडायला लागली ते तापमान लिहून ठेवावे. कोरलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांचा फरक चालेल.
• पाणी उकळीच्या जवळ आले की झडप चांगली उघडलेली दिसली पाहिजे. नुसती फट पडत असेल तर ती निकामी समजावी.
• पाणी थंड होऊ द्यावे. झडप अडकून न राहता पूर्ण मिटली पाहिजे.

यातल्या एकाही टप्प्यावर नापास झाली तर नवी घ्यावी. घासून, ऑइल लावून पुन्हा बसवू नये. नवी झडपही बसवण्यापूर्वी एकदा पातेल्यात तपासावी. आपल्या इंजिनाचाच आकडा असलेली घ्यावी. "थंडी राहील" म्हणून कमी आकड्याची घेतल्याने भरलेला रेडिएटर मोकळा होत नाही.

बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूला येईल असे पाहावे. गॅस्केट नवे टाकावे. मिश्रण सावकाश भरावे. झाकण उघडे ठेवूनच इंजिन थंड स्थितीत सुरू करावे आणि मंद चालू द्यावे. झडप उघडली की पातळी खाली जाते. तेवढे भरून मगच झाकण लावावे. आत हवा राहिली तर नवी झडप टाकूनही काटा नाचतच राहतो आणि दोष झडपेवर येतो.

चढावर गाडी तापली तर

• काटा चढू लागताच खालचा गिअर घ्यावा आणि ॲक्सिलरेटर कमी दाबावा. लाल रेषेची वाट पाहू नये.
• सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, चाकांना दगड लावावेत.
• बेल्ट शाबूत आहे, पाणी बाहेर येत नाही, नुसताच काटा वर आहे, अशा वेळी दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे. त्याने पाणी फिरत राहते.
• वाफ येत असेल, पाणी सांडले असेल, बेल्ट तुटला असेल किंवा काटा एकदम खाली पडला असेल, तर इंजिन लगेच बंद करावे.
• गरम असताना झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून तोंडावर, हातावर येते आणि खोल भाजते. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. मग जाड ओले पोते टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, दाब जाऊ द्यावा आणि नंतर काढावे.
• तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर ते मंद चालू ठेवून थोडे थोडे पाणी घालावे.
• वाटेत खारे पाणी टाकावेच लागले तर परत आल्यावर सगळे काढून टाकावे आणि नवे मिश्रण भरावे. यासाठी गाडीतच पाच-दहा लिटर चांगल्या पाण्याचा कॅन ठेवावा.

जुने कुलंट गुरांपासून दूर

कुलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. गुरे, कुत्री, लहान मुले यांना थोडेसेही पोटात जाणे जिवावर बेतू शकते. रेडिएटर रिकामा करताना ते बादलीत धरावे. गोठ्याजवळ, हौदाजवळ, नाल्यात किंवा वावरात सोडू नये. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजकडे द्यावे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

माल भरण्याआधी पाहायच्या सात गोष्टी

गाडी तुमची असो वा भाड्याची, तोडणीच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरबरोबर दहा मिनिटे उभे राहा.

१) थंड इंजिनात पाण्याची पातळी आणि रंग. गढूळ तांबूस पाणी म्हणजे गंज.
२) झाकणाचे रबर आणि स्प्रिंग.
३) पंख्याचा बेल्ट आणि होज पाइप. दाबल्यावर भेगा दिसतात का, पाइप पिचपिचीत झाला आहे का.
४) रेडिएटरची बाहेरची जाळी.
५) गाडी सुरू करून काटा किती वेळात चढतो आणि कुठे थांबतो.
६) "थर्मोस्टॅट आहे का?" हा थेट प्रश्न.
७) गाडीत चांगल्या पाण्याचा कॅन.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर "काढून टाकला" असे आले, तर नाशवंत माल भरण्यापूर्वी दुसऱ्या गाडीचा विचार करा. आणि माल भरलाच, तर दुपार टाळून पहाटे घाट ओलांडा.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. पाणी परीक्षणाचे अहवाल वाटताना ओलिताच्या सल्ल्याखाली एक ओळ वाढवा: "हे पाणी ट्रक व ट्रॅक्टरच्या रेडिएटरला चालेल / चालणार नाही." शिबिराला जाताना टीडीएस मीटर बरोबर ठेवा आणि ट्रॅक्टरमालकांना आपापल्या बोअरचे पाणी बाटलीत आणायला सांगा. तोच नियम ट्रॅक्टरलाही लागू आहे. रोटाव्हेटरवर चालणारा ट्रॅक्टर घाट चढणाऱ्या ट्रकइतकाच कष्टतो, आणि त्याच्या जाळीत धूळ त्याहून जास्त जाते.

राजूर घाटातल्या त्या ट्रकला पुढे रेडिएटर साफ करून नवी झडप बसवली गेली. मी मालकाला गॅसवर पातेले ठेवून झडप उघडताना दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "एवढ्याशा मेणासाठी माझा संत्रा गेला." मी म्हटले, मेण तर तीन वर्षांपूर्वीच काढून टाकले होते. संत्रा गेला तो रोजच्या डब्याभर खाऱ्या पाण्याने. तुमच्या गाडीत आज कोणते पाणी आहे, ते इंजिन थंड असताना एकदा झाकण उघडून पाहा.